भरीव, पोकळ आणि गप्प

"आता इथं वाजव," मी म्हणालो.

शरूनं बोटाच्या पेरानं बाहेरच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"काय म्हणते भिंत?"

"भरीव."

"शाबास. विटांची आहे. आता कपाटाचं दार वाजव."

"पोकळ."

"आता ही."

मी माझ्या पलंगामागची भिंत दाखवली. तिच्या पलीकडं शरूची खोली. शरूनं वाजवलं. जरा सरकून पुन्हा वाजवलं. मीही कान लावून ऐकलं. आवाज भरीव नव्हता आणि पोकळही नव्हता. बोट गादीवर आपटावं तसं काहीतरी झालं आणि तिथंच विरलं.

"ही काय म्हणते?"

शरूनं खांदे उडवले.

"ही गप्प बसते," मी म्हणालो. "वर्गात एखादं पोर असतं बघ, उत्तर येत असून सांगत नाही. तसली आहे ही."

शरू हसली नाही. मला वाटलं, विनोद कळला नसेल.

त्या भिंतीतून आम्हाला एक केबल न्यायची होती आणि संध्याकाळी पाचच्या आत न्यायची होती. इंटरनेटची तार रस्त्यावरच्या खांबावरून माझ्या खोलीत आलेली, राउटर माझ्या पुस्तकांच्या फळीवर. पलीकडं शरूच्या खोलीत मात्र नेट धड मिळायचं नाही. आणि पाच वाजता शरूचा क्लास होता.

शरू, म्हणजे शर्वरी, माझी नात, तेव्हा सहावीत होती. लहानपणापासून ती बोलताना थोडी अडखळायची, पण मी इचलकरंजीला मुलाकडं कायमचा राहायला आल्यापासूनच्या काळात ते वाढत गेलं होतं. शब्दाच्या तोंडाशीच अडायची. ओठ तयार असायचे, डोळे मोठे व्हायचे आणि आवाज यायचा नाही. भरतेशनं, माझ्या मुलानं, पुण्याच्या एका मॅडमचा क्लास लावला होता. दर शनिवारी लॅपटॉपवर. सगळं आयुष्य पोरांना शिकवण्यात घालवलेला माणूस घरात बसलेला असताना पुण्याची मॅडम कशाला, असं मला वाटलं होतं. बोललो नव्हतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचो. मगदूम सरांनी कधी छडी धरली नाही, आवाज चढवला नाही, असं गावात अजून सांगतात. पोराचं चुकलं की मी एकच शब्द म्हणायचो, तोही हळू आवाजात. "पुन्हा." चुकलं, पुन्हा. परत चुकलं, तरी पुन्हा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना तो शब्द इतका पाठ की लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणारा एखादा पुढं वाकून म्हणायचा, "सर, पुन्हा?" आणि आख्खी पंगत हसायची. मला ते आवडायचं.

शरूलाही मी तसंच शिकवत होतो. ती धडा वाचायला लागली आणि अडली की, "पुन्हा, बाळ. सावकाश. कुणी मागं लागलेलं नाही." कधी चिडलो नाही. एका ओळीला अर्धा तास लागला तरी चिडलो नाही.

आदल्या शनिवारी क्लास चालू असताना नेट दोनदा गेलं होतं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा शरू एका शब्दावर अडली होती आणि पडद्यावर तिचं तोंड उघडं तसंच थिजलं. नेट आल्यावर मॅडम म्हणाली, मला ऐकू आलं नाही गं, सुरुवातीपासून सांगतेस? शरूनं लॅपटॉप मिटला. रात्री जेवायलाही बाहेर आली नाही. आणि या शनिवारी तर ती पहिल्यांदाच क्लासमधल्या बाकीच्या मुलांसमोर बोलणार होती. आपल्या घराविषयी, जमेल तेवढं.

सकाळी भरतेश कामावर निघताना म्हणाला होता, "अण्णा, सोमवारी वायरमनला बोलावतो की."

"सोमवारी काय उपयोग? क्लास आज आहे."

"मग दारावरून फिरवा वायर. मधल्या भिंतीला कशाला हात लावताय?"

"दारावरून केबल पुरत नाही, मी धरून बघितली. एक भोक पाडायचं तर काम. शरूला शिकायलाही मिळेल."

तो माझ्या सुनेकडं, शैलजाकडं बघत राहिला. ती डबा भरत होती. "बघा मग," असं काहीतरी म्हणून तो गेला.

शरूला मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला आणि नाकाला रुमाल बांधला. मग शाळेतून निवृत्त होताना आणलेला नालाच्या आकाराचा लोहचुंबक तिच्या हातात दिला.

"भिंतीवरून हळूहळू फिरव. कुठं चिकटतोय बघ."

एका जागी चुंबक टक्कन चिकटला. ती दचकली आणि मग तिला गंमत वाटली. वर-खाली सगळीकडं एका रेषेत चिकटत गेला.

"आत काय असेल?"

"पट्टी," ती म्हणाली. मग जोर करून, "लो... लो... लोखंडी."

"पुन्हा म्हण. लोखंडी."

ती परत चुंबक फिरवायला लागली.

"बरोबर ओळखलंस," मी म्हणालो. "या भिंतीला आत पत्र्याचा सांगाडा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना जिप्समचे बोर्ड. म्हणजे जिथं चुंबक चिकटतो तिथं भोक पाडायचं नाही. आपण दोन पट्ट्यांच्या मधोमध, खाली, माझ्या उशीच्या उंचीला पाडू. म्हणजे पलीकडं तुझ्या टेबलाखाली निघेल."

भिंत नवीन होती. आधी तिथं साधी प्लायवूडची आडभिंत होती. मागल्या वर्षी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला मुलीकडं जाऊन राहिलो, त्या वेळात भरतेशनं ही बांधून घेतली. मी परत आलो तर खोली पांढरी झालेली. "मागांच्या खडखडाटानं तुम्हाला झोप लागत नाही ना अण्णा," तो म्हणाला होता. "आता आवाज कमी येईल." आमच्या शेजारीच कुंभोजे यांची यंत्रमागांची शेड. दिवसरात्र खडखड चालू. मलाही खरंच तो आवाज कमी झाल्यासारखा वाटायला लागला. येईल-जाईल त्याला मी सांगायचो, मुलानं माझ्या झोपेसाठी भिंत बदलून घेतली.

केबलला पुढं प्लग आधीच बसवलेला होता. त्यामुळं अंगठा सहज जाईल एवढं भोक पाडावं लागलं. ड्रिल बोर्डाच्या पलीकडं गेल्याबरोबर आतून पिवळी लव बाहेर आली. मी चिमट्यानं ओढली तर पुंजकेच्या पुंजके. काचेची लोकर, ग्लासवूल म्हणतात ती. एका अंगाला चांदीसारखा चकचकीत कागद.

"हात लावू नकोस. काचेचे बारीक काटे असतात, खाजत बसशील. हा चकचकीत कागद बघितलास? यानंच तुझं नेट अडवलंय. आणि ही लोकर आवाज पिते. म्हणून भिंत गप्प."

शरू बघत राहिली. मी ओढलेले पुंजके तिनं काडीनं एका वर्तमानपत्रावर गोळा केले आणि पुडी बांधली. टाकून दे म्हटलं तरी टाकली नाही. तिच्या खोलीत टेबलावर नेऊन ठेवली.

पलीकडून भोक पाडून झाल्यावर मी पलंगावर आडवा होऊन त्यातून बघितलं. लोकरीत मधे अंधार.

"आता केबल सरळ कशी जाईल? लोकरीत अडकणार. मग काय करायचं?"

ती विचार करून म्हणाली, "नळी."

माझा ऊर भरून आला. हेच मी सांगणार होतो. माळ्यावर वायरिंगच्या नळीचा तुकडा होता तो करवतीनं कापला आणि या भोकातून त्या भोकात आरपार बसवला. आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीतला उजेड स्वच्छ दिसत होता.

"असं काम करावं. उद्या केबल बदलायची झाली तर ओढली की आली."

शरू नळीच्या तोंडाशी डोळा लावून बसली. मग कान लावला. मग माझ्या सदऱ्याची बाही ओढली. हल्ली ती मला हाक मारायची नाही, जवळ येऊन बाही ओढायची. मोठी होत चाललीय, लाजते, असं मी समजायचो.

"काय?"

"आवाज जाईल? यातनं?"

असा प्रश्न आला की मला दुसरं काही सुचत नाही. "जाईल म्हणजे? धावत जाईल. आगपेटीचा टेलिफोन केला होता आपण, आठवतं? त्याच्याहून छान जाईल. लोकर आवाज पिते, पण नळीत लोकर कुठं आहे? थांब, दाखवतो." तिला पलीकडच्या खोलीत पाठवून मी नळीला तोंड लावून कुजबुजलो, "शर्वरी भरतेश मगदूम, हजर?"

पलीकडून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं ती दारात आली.

"बंद करायचं," ती म्हणाली. "भोक."

"पालीला घाबरतेस होय? केबल गेली की जागा उरतेच किती. उद्या रविवारी बुजवू निवांत, सिमेंट लावून."

"आज."

"आज केबल जाणं महत्त्वाचं. पाच वाजता तुझं भाषण आहे."

ती काही बोलायला गेली. ओठ मिटले, गळ्याची शीर ताठ झाली. मी थांबलो. मग म्हणालो, "पुन्हा, बाळ." ती वळून निघून गेली.

दुपारी भरतेश अर्धा दिवस करून जेवायला आला. ताट पुढं घेतल्यावर मला सकाळपासून डोक्यात घोळत असलेली गोष्ट आठवली.

"भरतेश, ती भिंत बांधणारा मिस्त्री कोण होता रे?"

"का?"

"येडं होतं काय ते? मागांचा आवाज येतो कुठनं? पश्चिमेकडनं, कुंभोजेंच्या शेडमधनं. आणि लोकर कुठं भरलीय? पूर्वेच्या भिंतीत. बाहेरची भिंत विटांची होती तशीच आहे. शरूनं वाजवून बघितलीय, विचार. माझ्या आणि शरूच्या मधे कसला आलाय खडखडाट?"

भाकरी वाढायला आलेली शैलजा तशीच उभी राहिली.

"चुकलं असेल," भरतेश म्हणाला.

"चुकलं असेल कसं? एवढं काम करून घेतलंस, बघितलं नाहीस? बोलाव त्याला. मी काही रागावणार नाही. समोर उभा करून पूर्व-पश्चिम तेवढी शिकवतो. होकायंत्र आहे माझ्याकडं."

"अण्णा, जेवा की."

"जेवतोय. पण माणसानं चुकीच्या भिंतीत—"

शरू अर्धी भाकरी ताटात टाकून उठली. शैलजा तिच्या मागोमाग आत गेली. भरतेश ताटातल्या वांग्याचं देठ बोटानं इकडून तिकडं करत राहिला.

"मुलीला टेन्शन आलंय आजचं," मी म्हणालो.

"होय," तो म्हणाला.

चारच्या सुमाराला मी केबल सारली, शरूनं पलीकडून ओढून घेतली. लॅपटॉपला लावल्यावर नेट असं चाललं की भरतेशनंही मान डोलावली. माझ्या अंगाला घाम आला होता आणि मनगटं खाजत होती, पण मी खूष होतो. शरूनं दार लावून घेतलं. मी माझ्या पलंगावर पुस्तक घेऊन आडवा झालो.

मी ऐकायला बसलो नव्हतो. पण नळीचं तोंड माझ्या उशीपासून वीतभर अंतरावर होतं.

आधी एक मुलगा बोलला. त्याच्या घरच्या शेळीविषयी सांगत होता. शेळीच्या नावावर अडला. किती वेळ अडला असेल, मला तर पुस्तक खाली ठेवावं लागलं. आणि ती मॅडम एक शब्द बोलेना. मला वाटलं, नेट गेलं की काय. शेवटी मुलाच्या तोंडून नाव बाहेर पडलं, त्यानं पुढचं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाली, "ऐकलं आम्ही. छान आहे शेळी." ना दुरुस्ती, ना काही. ही कसली शिकवायची पद्धत, असं माझ्या मनात आलं.

"आता शर्वरी," मॅडम म्हणाली.

मी उठून बसलो.

"माझं नाव शर्वरी," नळीतून आवाज आला. इतका मोकळा, की ही आपलीच पोर का, असं मला वाटलं. "आमचं घर इचल... इचलकरंजीत आहे. शेजारी माग आहेत. दिवसभर खडखड असते, त्यामुळं आमच्याकडं सगळे मोठ्यानं बोलतात."

पलीकडं दोघं-तिघं हसली. शरूही हसली. तिनं गंमत केली होती. माझ्या नातीनं चारचौघांत गंमत केली होती.

"घरात आई आहे. बाबा आहेत. आणि माझे आ..."

ती थांबली.

"आ..."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. आत घेतलेला, बाहेर न सोडलेला. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. मी उशीवरून वाकलो. माझा शब्द कधी बाहेर पडला ते मला कळलंही नाही.

"पुन्हा, बाळ. सावकाश."

नेहमीच्याच आवाजात म्हणालो. हळू, मायेनं. नळीनं तो जसाच्या तसा पलीकडं पोचवला.

तिकडं सगळं थांबलं.

"शर्वरी," मॅडम म्हणाली, "तुझ्याजवळ कुणी बसलंय का?"

"नाही," शरू म्हणाली. अजिबात न अडखळता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नळीतून केबलच्या बाजूनं दिसणारा उजेड गेला. मग पलीकडच्या तोंडाशी तिची बोटं दिसली आणि काहीतरी पिवळं आत आलं. सकाळी पुडीत बांधलेली लोकर. हात लावू नकोस म्हणून मी बजावलेली. उघड्या बोटांनी ती एकेक पुंजका ठासत होती, पुढचा पुंजका मागच्याला माझ्याकडं ढकलत होता. मी तोंडाशी आलेलं ते पिवळं बघत बसलो. आधी लॅपटॉपचा आवाज गेला, मग तिच्या श्वासाचा, मग बोटांचा. शेवटी काहीच उरलं नाही. मागं पश्चिमेकडून कुंभोजेंचे माग तेवढे चालू होते. ते कधीच कमी झालेले नव्हते.

शैलजा दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. हातात माझ्या चहाचा कप होता.

"अण्णा," ती म्हणाली, "मिस्त्री चुकला नव्हता."

तिनं कप स्टुलावर ठेवला. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

"आधीच्या प्लायवूडमधनं सगळं ऐकू यायचं. ती तिच्या खोलीत धडा वाचायला बसायची, जरा अडली की इकडनं तुमचं 'पुन्हा' यायचं. फोनवर मैत्रिणीशी बोलायची, तरी यायचं. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून वाचायला लागली. मी पाणी वाया जातंय म्हणून ओरडत होते. एकदा दाराला कान लावला तेव्हा कळलं मला."

"मी तिला कधी रागावलो नाही, शैलजा."

"नाही अण्णा. रागावला असता तर तिनं उलट उत्तर तरी दिलं असतं."

मी चहाकडं बघत होतो. साय धरत होती.

"तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं. तुमचा चेहरा बघून परत मिटलं. अण्णांना काय सांगू, म्हणाले, अण्णा तर इतकं प्रेमानं सांगतात. मग म्हणाले, भिंतच बांधून घेऊ."

ती गेली. दुपारी जेवताना मी काय काय बोललो ते आठवायला लागलं. पूर्व-पश्चिम. होकायंत्र. त्या तिघांना माहीत होतं, आणि मी त्यांच्यासमोर भाकरी मोडत मिस्त्रीला दिशा शिकवायला निघालो होतो.

पण त्याहून दुसरी एक गोष्ट मला सोडेना. शिक्षकाची सवय, पोर कुठं अडलं ते मी मनात नोंदवून ठेवतो. शरू 'आ'वर अडली होती. पण त्याच्या जरा आधीच तिनं 'आई' म्हटलं होतं. सरळ, सहज. 'आमचं' म्हटलं, 'आहे' म्हटलं. अक्षर तिला येत होतं. ती मला आज्जा म्हणायची, लहान असताना दिवसातून शंभरदा. तो एक शब्द तिला येत नव्हता. म्हणून बाही ओढायची.

सहा वाजून गेल्यावर तिच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी करवत, चिमटा आणि चिकटपट्टीची गुंडाळी घेतली आणि तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दार उघडं होतं, तरी बोटानं वाजवलं. असं मी त्या घरात आधी कधी केलं नव्हतं.

"येऊ?"

तिनं मान हलवली. तिच्या दोन्ही हातांची बोटं लालभडक झाली होती आणि ती फ्रॉकला पुसत होती.

"पुसू नकोस, आणखी रुततील. इकडं दे."

मी तिच्या बोटांवर चिकटपट्टी लावून अलगद ओढायला लागलो. पट्टीबरोबर चमकणारे बारीक काटे निघून येत होते. एक बोट, दुसरं बोट. तिनं हात काढून घेतला नाही. क्लास कसा झाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तो शब्द पुढं आला की नाही, तेही विचारलं नाही. आजही मला माहीत नाही.

"शरू," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं.

मला बोलायचं होतं. वाक्य मनात तयार होतं. पण सुरुवातच होईना. तोंड उघडलं आणि नुसता वारा गेला. परत उघडलं. शरू माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. तिनं मान हलवून मला पुढं ढकललं नाही, माझा शब्द स्वतः म्हणून दिला नाही. थांबली, एवढंच. तिची ती शांत नजर मला सोसेना.

"भोक नीट बुजवू," मी शेवटी म्हणालो.

नळी काढायला केबल राउटरमधून सोडवावी लागली. मी माझ्या बाजूनं केबलवरून नळी ओढून घेतली आणि केबल परत राउटरला लावली. आता लोकर केबलला चारी बाजूंनी मिठी मारून बसली. उरलेली लोकर तिनं चिमट्यानं तिकडून भरली, मी इकडून. तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा कापून चिकटवला. ती केबल अजून त्या भिंतीत आहे. शरू शिकायला धारवाडला गेली, घरातलं नेट दोनदा बदललं, पण ती मी काढू दिली नाही. काढली तर जागा होईल.

काम झाल्यावर शरू माझ्या खोलीत आली आणि भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. इथं, मग तिथं, मग पुठ्ठ्याच्या अगदी जवळ.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"गप्प," ती म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिनं मला पलंगाकडं बोट दाखवलं, मग भिंतीकडं, मग आपल्या कानाकडं. मी तिथं कान लावून बसायचं, ती पलीकडून बोलणार.

मी बसलो. कान पुठ्ठ्याला टेकवला. तिच्या खोलीचं दार लागलं. मी श्वास धरून ऐकत होतो. भिंतीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, माझी नात काहीतरी बोलत होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती परत आली. चेहरा लाल झाला होता, मोठ्यानं ओरडल्यासारखा.

"ऐकू आलं?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

"जरा पण?"

"जरा पण नाही."

तिनं भिंतीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि धावत आपल्या खोलीत गेली.

मी परत त्या गप्प भिंतीला कान लावून बसलो.